बाळाला बाधतं म्हणून

माझं शिक्षण चौथी. पुढं मेंढरांमागं गेलो तो गेलोच. तेव्हा इथं शब्द इकडंतिकडं झाले तर झाले. बायको जाऊन सव्वा वर्ष झालं. घरात एकटा बसून बसून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती लिहून टाकतो.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, बेल्ह्याच्या अलीकडं. घरची तीस-पस्तीस मेंढरं होती, थोडी बाजरीची जमीन होती, आणि बाजारच्या दिवशी बेल्ह्याला मेंढ्या-बकऱ्या घ्यायच्या-विकायच्या हा माझा धंदा. या धंद्यात हात लागतो. कोकराच्या पोटाखाली हात घालून उचललं की मी वजन सांगायचो. काट्यावर घातलं तर पावशेराचा फरक, जास्त नाही. बाजारात माझ्यावर चहाच्या पैजा लागायच्या. याचा मला लई ताठा होता.

नव्वदनंतरच्या दोन-तीन वर्षांतलं हे. आमची पहिली मुलगी माहेरी झाली होती. दुसऱ्या खेपेला माझी आई म्हणाली, "दर टायमाला काय म्हायेर? हितं काय बाळंतपणं व्हत न्हाईत?" म्हणून पोरगा आमच्या घरी झाला. अडीच किलोचा झाला. आईनं गावभर पेढे वाटले. पहिला महिना डिंकाचे लाडू केले, शेपूची भाजी केली, अळिवाची खीर केली. खोटं कशाला बोलू, आई वाईट बाई नव्हती.

दुसऱ्या महिन्यात पोराला हिरवी शी झाली. आई म्हणाली, आईच्या खाण्यातलं काहीतरी बाधलं. आमच्याकडं तसंच मानतात. पोर अंगावर पितंय तोवर आईनं खाल्लेलं दुधातून त्याच्या पोटात उतरतं. ते खरं की खोटं मला कळत नाही, मी काही डॉक्टर नाही. आमच्या घरात त्याचं काय झालं तेवढं सांगतो. लाडू बंद झाले, जड पडतात म्हणून. आठ दिवसांनी पोर पाय पोटाशी घेऊन रडायला लागलं तर ताक बंद. मग मटकी बंद, वातूळ म्हणून. त्याला खोकला झाला तर शेंगदाणे बंद. अंगावर पुरळ उठलं तर गूळ बंद, उष्ण म्हणून. आणि पोराचं पोट बरं झालं तरी बंद झालेलं काही परत सुरू झालं नाही. चौथा महिना सरेस्तोवर तिच्या ताटात बाजरीची भाकरी, मीठ आणि मुगाचं पातळ पाणी एवढंच राहिलं होतं. काम मात्र सगळं. दळण, पाणी, मेंढरांचा वाडा लोटणं. सगळ्यांची जेवणं झाली की मग ती बसायची.

पोरगा काही अंग धरेना.

अंगणवाडीच्या बाई पोरांना झोळीत घालून काट्याला टांगायच्या आणि कार्डावर ठिपका मारायच्या. ठिपका दर महिन्याला वर चढायला पाहिजे. आमचा नुसता आडवा चालला होता, पाचव्या महिन्यात खाली आला. सव्वाचार किलो. बायको कार्ड घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"आवो, ह्ये बघा की. बाई म्हनत्यात, जुन्नरला न्या."

"त्या बाईचा काटा बिघडलाय. आन हिकडं."

मी पोराला उचललं. हाताला सव्वाचारच लागलं.

"पाच हाय," मी म्हणालो.

माझ्या हातावर तिचा भरवसा होता. ती गप कार्ड घडी करून आत गेली. मला त्या पोराकडं बघवायचं नाही. मांड्यांची कातडी लोंबायची, डोळे नुसते मोठे मोठे. कोकरू असतं तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं की हे राहत नाही. पोटचं होतं म्हणून जीभ रेटेना. बाजारात भाव करता करता मधेच आकडा विसरायचो. आणि हे असलं कुणाला सांगायचं नसतं, म्हणून मी घरात आलो की तिच्यावरच भुंकायचो.

आईनं तर वेगळंच काढलं होतं. शेजारच्या बाया आल्या की ती सुनेला चार थेंब वाटीत पिळायला लावायची. "बघा गं, निळं दिसतंय. दूध हाय का पानी? ह्यानं काय पोर वाढतंय व्हय?" बाया वाटीत डोकावून बघायच्या. बायको पदर सारखा करून खाली बघत बसायची. मीही एकदा म्हणालो, "दुसऱ्या बायकांची पोरं बघ, आन तुझं बघ." हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

मग एक दिवस शेजारच्या वाडीवरनं एक माणूस मेंढी आणि तिचं कोकरू घेऊन दारात आला. कोकरू मरतुकडं होतं. त्याला ती दोन्ही काढून टाकायची होती.

"काय तरी रोग हाय बघा ह्याला," तो म्हणाला.

मी कोकराला हातसुद्धा लावला नाही. मेंढीच्या पाठीवरनं हात फिरवला.

"रोगबिग काय न्हाई, पावणं. हिच्या पाठीला हात लावा की. खुंट्या लागत्यात का न्हाई हाताला? आय उपाशी, आन तुमी कोकराच्या तोंडात बघताय. मक्याचा भरडा लावा हिला पंधरा दिस. कोकरू उड्या मारत फिरंल. आत्ता इकू नका, मातीमोल जाईल."

तो माणूस खूश झाला. धंदा सोडून खरं सांगितलं म्हणून माझ्या पाया पडायला निघाला. मीही फुगलो. तो गेल्यावर वळून बघतो तर बायको उंबऱ्यात बसलेली, पोर अंगावर घेऊन. सगळं ऐकलेलं.

"आवो."

"काय?"

"माझ्याबी पाठीवरनं फिरवा की येकदा हात."

मी म्हणालो, "तोंड लई चालाया लागलंय तुझं."

"तोंडच चालतंय," ती म्हणाली, "त्यात पडत काय न्हाई."

मी तिथनं उठून गेलो. हात फिरवायची गरजच नव्हती, चोळीतनं मणके दिसत होते. इतके दिवस दिसतच होते. बाजारात शंभर मेंढ्यांत मला हाडकलेली मेंढी लांबनं ओळखू यायची, आणि घरात समोर वावरणारी बाई दिसली नाही. दिसली नाही असंही नाही. आईपुढं बोलायचं कोण, हा प्रश्न होता.

जुन्नरला नेलं ते पुढच्या आठवड्यात. आईही संगं आली. डॉक्टरांनी पोर तपासलं, मग बायकोकडं बघून विचारलं, "आई काय जेवते?"

आई म्हणाली, "दोनी येळंला पोटभर. आमच्या घरात कशाला काय कमी न्हाई."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. भिंतीवर एका गुटगुटीत पोराचं कॅलेंडर होतं, मी त्या पोराकडं बघत बसलो. डॉक्टरांनी पोराला पातळ औषध लिहून दिलं आणि महिन्यानं परत आणा म्हणाले.

एसटी स्टँडवर आलो. आमच्या गाडीला वेळ होता. आई पाणी प्यायला गेली. तेवढ्यात मंचरची गाडी लागली. बायको उठली, पोर खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "पोरगीला उद्या पारगावला आनून सोडा." पारगाव तिचं माहेर, आंबेगाव तालुक्यात, मंचरवरनं जायचं.

"आयला काय सांगू?"

"सांगा कायबी. न्हाई तरी तुमी काय सांगताय."

ती गाडीत चढली. आई पदर खोचून धावत आली, स्टँडभर ओरडली, "आडव की तिला! बायकोपुढं हात टेकलं व्हय रं?" लोक बघत होते. मी आडवलं नाही. त्या सबंध काळात मी एवढीच एक गोष्ट बरी केली, आणि तीही शहाणपणानं नाही, पाय उचलेनात म्हणून.

दुसऱ्या दिवशी मुलीला तिच्याकडं सोडलं आणि दारातनंच परतलो. मग दोन महिने गेलो नाही. लाज होती आणि भीती होती. कुणी सायकलवरनं दाराकडं येताना दिसलं की वाटायचं, निरोप आला. तसा निरोप काही आला नाही. मग एक दिवस गेलोच. उसाची तोड चालू होती, पारगावच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. घरात शिरलो तर बायको जेवत होती. ताटात मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, वाटीत कढी, गुळाचा खडा. म्हणजे आमच्या घरात बंद केलेलं सगळं त्या एका ताटात. मांडीवर पोर. सासूबाईंनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि पोर उचलून माझ्या हातात ठेवलं.

"धरून बघा जावई. तुमचा हात लई पक्का हाय म्हनत्यात."

सहा किलोच्या वर होतं. पोरानं माझ्या मिशा धरल्या आणि ओढल्या. गालावर मांस आलं होतं, मनगटाला वळी पडली होती. सासूबाई बघतच होत्या. मी वजन सांगितलं नाही, त्यांनीही परत विचारलं नाही.

निघायच्या आधी बायको म्हणाली, "मी येते. पर येक काम करायचं तुमी. आत्याबाईंम्होरं सांगायचं, पोरानं अंग कशानं धरलं त्ये. माझं दूध वाईट न्हवतं, एवढंच सांगायचं. चार बाया बसल्या आसताना सांगायचं. त्यांनीच वाटीत बघितलंय."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"सांगतो म्हनलं ना."

घरी आलो. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोराला घेतलं, खालीवर केलं आणि तिचे डोळे भरून आले. शेजारच्या त्याच बाया जमल्या होत्या. आई म्हणाली, "पावला गं बाई. गावदेवाला बोकड बोलले व्हते मी, तवा पोरानं अंग धरलं. न्हाई तर हिच्या दुधावर काय खरं न्हवतं."

बायको माझ्याकडं बघत उभी होती. हातात पिशवी तशीच. मी तोंड उघडलं. सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. आई पोराचे मुके घेत होती.

"हं," मी म्हणालो.

बायको पिशवी घेऊन आत गेली. त्या दिवसापासनं तिनं ताटात काय घ्यायचं ते कुणाला विचारलं नाही. आपल्या हातानं वाढून घ्यायची, सगळ्यांच्या बरोबर बसायची. आई कुरकुरली, पण बायकोनं ऐकलं नाही. माझ्याशी भांडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. बोकड मात्र मीच आणला, चांगला बघून. गावानं जेवण केलं. आणि पोरगा नवसानं वाचला, असं आमच्या घरात ठरून गेलं.

पुढं अठराएक वर्षांनी, दोन हजार सालानंतर, आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली. बायकोनं तिला उसळी, ताक, शेंगदाणे, लाडू, सगळं वाढलं. आई तेव्हा थकली होती, कॉटवर पडून असायची. तिथनं म्हणाली, "आगं, बाळाला बाधंल. तुला आक्कल कवा यायची? तुझं दूध कसं व्हतं ठावं हाय न्हवं सगळ्यांला?"

मुलीचा नवरा आला होता, व्याही आले होते. बायकोनं पळी हातात तशीच धरून माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांनी परत तसंच बघितलं. आता आईला भ्यायचंही काही कारण नव्हतं. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस.

मी म्हणालो, "चहा टाका कुणीतरी."

तिनं पळी खाली ठेवली आणि चहा टाकला. पुन्हा कधी तिनं माझ्याकडं तसं बघितलं नाही. पुढं दोन-तीन वर्षांत आई गेली. तेव्हा तरी बोलायचं होतं. पण मेलेल्या आईची कागाळी कशी करायची, म्हणून राहिलं. माणसाला कारण सापडतंच.

बायको गेल्यावर तेराव्याला मुलगी चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि हे सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"ठावं हाय मला, अण्णा."

"कुनी सांगितलं?"

"आईनं. माझ्या बाळंतपणातच."

"मग तू बोलली न्हाईस कवा?"

"आई नको म्हनायची. म्हनायची, बघू, आपनहून बोलत्यात का."

तिनं भाकरी उलटली. मी उठलो आणि मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात जाऊन उभा राहिलो.

पोरगा आता चाकणला कंपनीत आहे. धिप्पाड आहे, दारातनं वाकून आत येतो. गावाकडं आला की आधी देवाला नारळ फोडतो, आजीचा नवस म्हणून. मग आईच्या फोटोला हात जोडतो. त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. त्याच्या बायकोला आता दिवस गेलेत. मागच्या खेपेला आला तेव्हा सांगायचं म्हणून मी दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो, आणि गाडीच्या हवेचं विचारून परत आलो. म्हणून हे कागद त्याच्या हातात द्यायचेत. मला तोंडानं अजून जमत नाही. तुझ्या आईचं दूध चांगलं होतं, बाळा. आम्ही तिला उपाशी ठेवली होती.