निसारच्या दारातली पायरी

निसार गेल्याचा फोन आला तेव्हा मी परतूरच्या मोंढ्यात कापसाच्या गाडीजवळ उभा होतो. त्याचा पुतण्या बोलत होता, "काका, चाचा गये..." भरल्या बाजारातून मी गाडी तशीच सोडून निघालो. महिना उलटून गेला, तरी शाळेपासूनचा माझा दोस्त नाही हे मनाला पटत नाही.

आमच्या गावामागच्या डोंगरावरचा गड म्हणजे ढासळलेला बुरूज, कोरडं टाकं आणि कमानीपुरता उरलेला दरवाजा. कुणी म्हणतं यादवांचा, कुणी बहमनींचा. दगड मात्र गावानं वाटून घेतला. अर्ध्या गावाची जोती त्याच्याच चिऱ्यांची. निसारचा नेम असा, की गडावर रिकाम्या हातानं चढायचं नाही. वाटेत घरंगळलेला एक चिरा वर न्यायचा. एकदा मी घामाघूम होऊन दगड वर पोचवला, तर हा पोट धरून हसत सुटला. "अरे येड्या, कुणाचा तरी फुटका पाटा हाय हा! मंग आता राजाला चटणी वाटून दे."

त्याच्या स्वतःच्या दारातली पायरीही गडाच्या दरवाज्याची, कमळ कोरलेली. ती परत वर न्यायची, ही त्याची एकच आस. पण अम्मी, त्याची आई, ऐकायच्या नाहीत. "इसपे पाँव रख के मैं दुल्हन बन के आई. मैं हूँ तब तक ये हिलना नै." एरवी हट्टी निसार, आईपुढे मात्र गरीब गाय. मला म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. अम्मीच्या मागं बघू. मला कुठं जल्दी हाय?" आणि आईच्या मरणाचं बोलून गेला म्हणून लगेच स्वतःच्याच तोंडावर हात मारून घ्यायचा...

गेला मात्र तोच आधी.

मागच्या आठवड्यात अम्मींनी मला बोलावलं. दाराच्या आतच थांबल्या होत्या. "ले जाओ बेटा. इसी पे से गया वो. अब मेरा पाँव नै पड़ता इसपे."

मी, त्याचा पुतण्या आणि गावातले दोघं, अशा चौघांनी पहारीनं पायरी सोडवली, दांडीला बांधून वर नेली आणि कमानीखालच्या मोकळ्या जागेत ठेवली. बराबर बसली. मधोमध तेवढी खोलगट झाली आहे, कमळाच्या पाकळ्या तिथं पार झिजल्यात. ही झीज कुठल्या फौजेची नव्हे, निसारच्या घरातल्या माणसांची. ती हातानं पुसताना मला रडू आवरलं नाही. उतरायच्या वेळी कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण चौघंही तिच्यावर पाय न ठेवता ती पायरी ओलांडून बाहेर आलो.