सीट न उचलता दिलेला दाखला

फोरमनने माझ्या बहिणीला फसवलं, आणि कापडवाल्याने ती फसवणूक तिच्या शाळेपर्यंत नेऊन पोहोचवली. बाकीचे नुसते हसले. हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या गाड्यांच्या धंद्यात मीही रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीला हसलो आहे, तोंडावर हसलो आहे आणि त्या हसण्यावर भाव पाडले आहेत.

माझी सुरुवात वर्ध्यात सायकलच्या पंक्चरपासून झाली. नव्वद सालाच्या आगेमागे पहिली भंगारातली जीप घेतली, महिनाभर तिच्याखाली पडून राहिलो आणि पुलगावच्या एका माणसाला विकली. त्यानंतर टेम्पो, ट्रॅक्टर, मेटॅडोर, मिळेल ते. शिकवणारा कुणी नव्हता. गाडीची खोट काढणं आणि काढलेली खोट तोंडातून सुटू न देणं, हे दोन गुण माझ्याजवळ होते, त्यावरच घर उभं राहिलं.

दर रविवारी सकाळी पिपरी मेघेच्या एका गॅरेजपुढे गाडीशौकिनांची बैठक भरायची. तिचा म्होरक्या फोरमन. सरकारी वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, पांढरा बुशशर्ट घालणारा, बोनेटवर कान ठेवून इंजिनाची तब्येत सांगणारा. त्याच्या जोडीला मेन रोडवरचा कापडवाला, ज्याच्याकडे दर दोन वर्षांनी नवी गाडी यायची, आणि एक ड्रायव्हिंग स्कूलवाला. वर्ध्यात तेव्हा अशी रीतच पडली होती की गाडी घेणारा आधी विचारायचा, फोरमनने पाहिली का? त्याने मान हलवली तर सौदा व्हायचा. ओठ मुडपले तर ती गाडी माझ्या दारात उन्हाने फिकी पडेपर्यंत उभी राहायची. म्हणून मी त्याला काकाजी म्हणायचो, त्याच्यासाठी खुर्ची पुसायचो.

माझी बहीण माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय कायमचा बारीक राहिला, त्याला आधाराला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर. ती गणितात हुशार होती. बीएड करून सेलूच्या एका शाळेत लागली. वर्धा ते सेलू अंतर काही फार नाही, पण एसटीची पायरी तिच्या कमरेपर्यंत यायची. एका श्रावणात बसस्टँडवर कंडक्टरने घंटी मारली तेव्हा तिचा एकच पाय आत होता. मनगट मोडलं. महिनाभराने हजर झाली तर मुख्याध्यापकाने सांगितलं की अशा सुट्ट्या पुढे जमणार नाहीत. घरी आईने लावून धरलं, सोडून दे, भाऊ कमावतो ना. बहीण रोज एसटीने जात राहिली. मी तिला ओळखतो. ती नोकरी गेली असती तर तिच्या हाती काहीच उरलं नसतं.

अशात मला नागपुरात ती गाडी दिसली. एका साहेबाने बंगलोरहून आणलेली, बॅटरीवर चालणारी, दोन दारांची, अंड्यासारखी. पुढे दोन मोठी माणसं, मागे दोन पोरं, तीही गुडघे दुमडून. गिअर नाही, क्लच नाही, पायाखाली फक्त दोन पेडल. ते बघितल्यावर बाकी काही बघायची गरज नव्हती, कारण बहिणीचा उजवा पाय धडधाकट होता. तरी सवयीप्रमाणे मी अर्धा तास खोटी काढत राहिलो. दार हलकं आहे म्हटलं, टायर सायकलचे आहेत म्हटलं, वर्ध्याच्या उन्हात हिचं वरण होईल म्हटलं. साहेब कंटाळला आणि माझ्या भावात आला. गाडी घेऊन निघालो तेव्हा ती सुरू झाली की नाही हेच आधी कळेना, इतकी मुकी.

बहिणीला मी सर्कस ग्राउंडवर शिकवलं. आठ दिवसांत ती माझ्यापेक्षा बरी चालवायला लागली. लायसन्ससाठी आरटीओत इतक्या खेपा झाल्या की तिथला चपराशी आम्हाला बघितलं की खुर्ची आणायचा. त्या काळात भारनियमन असं होतं की दिवसाचे किती तास वीज येईल याचा नेम नसे. मग तिनेच हिशोब बसवला. घरी मिळेल तेवढं चार्जिंग, उरलेलं शाळेत, प्रयोगशाळेच्या बाहेरच्या प्लगवर. मुख्याध्यापकाने तोंडी हो म्हटलं आणि ती विजेचे पैसे दर महिन्याला शाळेत भरायची. चाळीसच्या वर जायचं नाही, एसी लावायचा नाही, चढ आला की आधीच वेग धरायचा, हे तिने स्वतः शोधून काढलं. दोन महिने ती रोज वेळेवर शाळेत पोहोचली. शाळेची पोरं गाडीमागे धावायची, कारण धावून ती गाठता यायची.

गावात मात्र गाडीचं नाव पडलं बालटी, म्हणजे बादली. फोरमनने पहिल्याच रविवारी बोटाच्या पेराने पत्रा वाजवला. तो पत्रा नव्हताच, प्लास्टिक होतं. पुढचं झाकण उघडायला लावलं, आत डोकावला आणि इतरांकडे वळून म्हणाला, "हे पाहा, बोनेटमंधी कुलूप ठेवाची जागा हाय. इंजिन कोणाच्या घरी ठेवलं का मालूम."

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने गिअर नसलेल्या गाडीला गाडी म्हणायचं का यावर भाषण दिलं. कापडवाल्याने विचारलं की पाहुणे आले तर त्यांना टपावर बसवणार का. आवाज नाही, म्हैस बाजूला होणार कशी? यातलं निम्मं खरं होतं, ते मी नाकारत नाही. मागची सीट नावालाच होती, उन्हात गाडी लवकर दमायची, आणि नागपूरला जायचं म्हटलं तर जामठ्याच्या अलीकडेच पाय टेकले असते. पण माझ्या बहिणीला नागपूरला जायचं नव्हतं. तिला सेलूला जायचं होतं. ही गोष्ट मी त्या बैठकीत चारदा सांगितली. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे जी दूर जाते, जोरात जाते आणि चढ चढते. कुणाला कुठे जायचं आहे हे त्यांनी कधी कुठल्याच गाडीबद्दल विचारलं नव्हतं.

आमच्याकडे नवी गाडी केळझरच्या गणपतीला नेल्याशिवाय नवी धरत नाहीत. माझ्या बहिणीच्या गाडीचं ते राहिलं होतं. फोरमन म्हणाला, या रविवारी आम्ही येतो, देवापुढे नारळ फुटला की आम्हीही मान हलवू. मला त्या मानेची गरज होती. माझ्या दारात तीन टेम्पो उभे होते आणि एकालाही गिऱ्हाईक नव्हतं. मी हो म्हणालो.

त्या सकाळी वीज पहाटेच गेली होती. बॅटरी पाऊण भरली होती. बहीण तयार होऊन, हार घेऊन, चालकाच्या सीटवर बसली होती. तिने मला सांगितलं की दोन माणसंच घे, आणि जाताना सेलूला शाळेच्या प्लगवर दोन तास लावू, चपराशाशी मी बोलून ठेवलं आहे. तेवढ्यात ते तिघं आले. नव्या गाडीत बसायला आलेल्याला नाही म्हणायचं नसतं, हीसुद्धा आमच्याकडची रीत. तिघं आणि मी, चार. फोरमन चालकाच्या दाराशी उभा राहिला आणि हसून म्हणाला, पहिल्या फेरीला जाणता हात बरा. मी बहिणीकडे बघितलं नाही. म्हटलं, तू थांबजो घरी, आम्ही देवाला जाऊन येतो. तिने हार माझ्या हातात दिला, कॅलिपर सरळ केलं आणि उतरली.

हार मी गाडीला घातला आणि आम्ही निघालो; फोरमनने पवनारच्या आधीच एसी लावला. कापडवाला आणि स्कूलवाला मागच्या सीटवर पोती रचावीत तसे दाबून बसले होते आणि दर खड्ड्याला माझ्या पाठीत गुडघे मारत होते. सेलू आलं तेव्हा मी म्हणालो, काकाजी, इथे दोन तास थांबू. तो म्हणाला, "देवाच्या आंधी नवी गाडी थांबवत नसतेत, भाऊ. तुले एवढंही मालूम नाई?" मला मालूम होतं. बॅटरीचा काटा कुठे आला आहे हेही दिसत होतं. त्यालाही दिसत होतं, तो काटा त्याच्या नाकासमोर होता.

केळझरच्या चढावर, देऊळ समोर दिसत असताना, गाडी बसली. तिने आवाज केला नाही, धूर काढला नाही, फक्त थांबली. मागच्या दोघांना बाहेर काढायला वेळ लागला, कारण एकाचा पाय बधिर झाला होता. फोरमन रस्त्यावर उभा राहून हात झटकत म्हणाला, "म्या तं पह्यलेच सांगतलं होतं." कुणाला सांगितलं होतं, कधी सांगितलं होतं, कुणी विचारलं नाही. तिघांनी चढ चढून दर्शन घेतलं, प्रसाद खाल्ला आणि काळीपिवळी टॅक्सीत बसून वर्ध्याला निघून गेले. मी गावात तीन घरी प्लग मागितला, तिन्ही ठिकाणी वीज नव्हती. शेवटी कोबी घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोला दोर बांधला. भर बाजाराच्या दिवशी, हार घातलेली ती गाडी कोबीच्या मागे ओढत मेन रोडने आणली. कापडवाल्याच्या दुकानापुढे लोक पायऱ्यांवर येऊन उभे होते. त्यांना आधीच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बहीण त्याच गाडीने शाळेत गेली. तिसऱ्याही दिवशी. बाजार हसत होता, ती जात होती. तीन आठवडे असेच गेले आणि मला वाटलं, निभावलं.

मग तिच्या हातात शाळेचं पत्र पडलं. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी बॅटरीचं वाहन आवारात आणू नये, प्लग वापरू नये. कापडवाला त्या शाळेच्या समितीवर होता. पत्रासोबत फोरमनच्या सहीचा एक कागद जोडला होता: सदर वाहनाच्या बॅटऱ्या मी स्वतः तपासल्या असून त्यांतून आम्ल गळण्याचा व स्फोट होण्याचा धोका आहे.

त्या गाडीच्या बॅटऱ्या पुढच्या सीटखाली होत्या. सीट उचलल्याशिवाय दिसत नव्हत्या. फोरमनने त्या सीटवर बसून केळझरपर्यंत गाडी चालवली, पण ती सीट त्याने एकदाही उचलली नाही. मी प्रत्येक वेळी तिथे होतो. त्याला तर बॅटऱ्या कुठे असतात हेही माहीत नव्हतं, बोनेट उघडून तो इंजिन शोधत होता.

मी कागद घेऊन शाळेत गेलो. गाडी आणतो, सीट उचलून दाखवतो, एवढंच म्हणायला गेलो होतो. समितीतल्या एकाने म्हटलं की एवढा मोठा जाणकार खोटं कशाला लिहील. मी टेबलावर हात आपटला, काच फुटली. तो हात मला आजही महाग वाटतो. त्यानंतर प्रश्न बॅटरीचा राहिलाच नाही, माझ्या हाताचा झाला. शाळेचा प्लग गेला, घरची वीज बेभरवशाची, आणि दोनदा ती अर्ध्या रस्त्यात अडकली. पुन्हा एसटी. वर्ष निघालं कसंबसं. एका पावसाळ्यात तिने राजीनामा दिला. पुढे घरी शिकवण्या सुरू केल्या, पिपरीची पोरं येतात. गाडी मी भंगारच्या भावात दिली, तेव्हा ती बाहेर बघायलाही आली नाही.

पत्र आलं त्या संध्याकाळी मी त्या तिघांना शिव्या घालत होतो. तिने मध्येच विचारलं, "दादा, ते तं परके होते. तू मले खाली उतरवलं काऊन?"

मला उत्तर द्यायला आठ दिवस लागले. मी तिला सांगितलं की मला टेम्पो विकायचे होते आणि फोरमनची मान हवी होती. ती म्हणाली, ठीक आहे. ठीक नव्हतं, पण मी उत्तर तरी दिलं.

दोन-तीन वर्षांनी कापडवाल्याने दुकानाच्या शेजारी विजेच्या स्कूटरची एजन्सी काढली. मला छापील निमंत्रण आलं. फीत फोरमनने कापली आणि भाषणही केलं. धूर नाही, आवाज नाही, बायाबापड्यांना चालवायला सोपी, उद्याचा जमाना विजेचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढे जाऊन हळू आवाजात विचारलं, "काकाजी, याच्या बॅटऱ्या तपासल्या का?"

त्याने ताट पुढे केलं. "जुन्या गोष्टी कायले काढून राह्यला भाऊ. पेढा घे."

मी पेढा घेतला नाही. तिथे भांडलोही नाही, एक काच मला पुरली होती. पण गोष्ट जुनी झाली असं मी मानत नाही. फोरमन अजून हिंडतो-फिरतो, रविवारी बैठकीला जातो, त्याच्या मानेला अजून भाव आहे. त्याने माझ्याकडे येऊ नये, माझं त्याच्याकडे काही निघत नाही. माझ्या घराच्या मागच्या खोलीत दुपारी चारपर्यंत बहिणीची शिकवणी चालते, त्यानंतर ती मोकळी असते. त्याने तिथे जावं, तिच्यासमोर बसावं आणि तिला सांगावं की कोणत्या दिवशी, कोणाच्या समोर त्याने त्या बॅटऱ्या तपासल्या. येताना कापडवाल्यालाही सोबत आणावं. तो कागद शाळेत नेण्याआधी त्याने वाचला होता की नाही, हे त्यानेही तिलाच सांगावं.