न कापलेला वण

आमच्या घरात चमत्कार मानत नाहीत. आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून अंगारे, नवस, गंडेदोरे यांतलं काहीही उंबरठ्याच्या आत आलं नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. म्हणून हे लिहिताना हात थोडा अडखळतो. जे घडलं त्याला काय नाव द्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घडलं तसं सांगते.

मी कामठीत अंगणवाडी सेविका आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या छातीवर, मधल्या हाडावर, एक साधी पुळी आली. उन्हाळ्याचे दिवस होते, घामाने ती खाजली आणि मी नखाने फोडली. खपली धरली, पडली, मी विसरूनही गेले. दोन-तीन महिन्यांनी त्या जागी मसुराच्या डाळीएवढा गुलाबी उंचवटा दिसला. मग तो वाढतच गेला. पुळी होती तेवढ्या जागेत मावेना, दोन्ही बाजूंना पाय फुटल्यासारखा पसरला. चकचकीत, ताठ, हाताला रबरासारखा. त्याला अशी खाज सुटायची की मुलांना गाणी शिकवता शिकवता माझा आवाज तुटायचा. कधी आतून आग व्हायची. मी ब्लाउजचे गळे बंद शिवून घेतले आणि पदर दोन पिनांनी बांधून टाकला.

रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना मीच सांगायची. डोळे मिटले की सगळं लक्ष त्या गाठीकडे जाई. ओठ शब्द म्हणत, मन मात्र गाठीभोवती नखं घेऊन बसलेलं. तोंडाने शांती म्हणायची आणि आत ही मारामारी, हा खोटेपणा मला सहन होईना. मी जाणंच सोडलं. विचारणाऱ्यांना कामाचं निमित्त सांगितलं.

त्यातच एक दिवस अंगणवाडीत एका मुलीची आई आली. मुलगी माझ्या मांडीवर होती, खेळता खेळता तिने पदर ओढला होता. आईने गाठ पाहिली, मुलीला उचललं आणि हळूच म्हणाली, "ताई, राग नका मानू. पण हिले मांडीवर नका घेत जाऊ. लागण झाली तर?" तिचा काही दोष नव्हता. मलाच कुठे ठाऊक होतं ते लागतं की नाही! पण त्या दिवसापासून मी एकाही लेकराला जवळ घेतलं नाही. लेकरांशिवाय माझ्या कामात दुसरं होतं तरी काय?

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "खाप्याले एक माणूस आहे वं. एका बैठकीत कापून देते, वरून झाडपाल्याचा लेप लावते. जाऊन ये, मोकळी होशील." नवं ब्लेड आपलं आपण न्यायचं होतं. माझे यजमान पॉवरलूमवर काम करतात. ते कधीपासून दवाखान्यात चल म्हणत होते, पण अनोळखी डॉक्टरपुढे गळा उघडायचा या विचारानेच मला लाज वाटे. त्यांना न सांगता मी ब्लेडचं पाकीट पिशवीत टाकलं आणि निघाले.

एप्रिल होता. बसच्या खिडकीतून लांब कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. त्यांचा धूर आकाशात न हलता उभा होता, जणू कोणीतरी तो तिथे ठेवून विसरून गेलं होतं. खाप्याला पोचले तर त्या माणसाच्या दाराला कुलूप. समोरची बाई म्हणाली, "बारशाले गेले ते. चारले येतीन." बारा वाजले होते. बसायला जागा नव्हती, म्हणून मी कन्हान नदीकडे चालू लागले.

पाणी पार आटलेलं, एक बारीक धार वाळूच्या कडेकडेने जात होती. वाळू इतकी पांढरी तापली होती की काठ कुठे संपतो आणि ऊन कुठे सुरू होतं ते कळेना. मी एका करंजाच्या सावलीत बसले. खाज होतीच. भीतीही होती. अशा वेळी माणूस काय करणार? मनातल्या मनात मी वंदना म्हणू लागले. कितीतरी महिन्यांनी ते शब्द आपणहून आले, एकामागून एक, मी काही न करता. डोळे कधी मिटले कळलं नाही. झोप होती असंही म्हणवत नाही. त्या धारेचा आवाज येत होता आणि मी हळूहळू त्या आवाजातच विरघळत होते. माझ्या पाठीमागे कोणीतरी बसलं आहे असं वाटत होतं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, पण उन्हात वाळलेल्या सुती लुगड्याचा वास अगदी जवळून येत होता. मला वळून पाहायची गरजही वाटली नाही.

धप् धप् आवाजाने डोळे उघडले. समोर पाण्यात उभी राहून एक म्हातारी बाई दगडावर गोधडी आपटत होती.

"कोणाच्या घरी आली वं बाई?" तिने विचारलं.

मी एरवी कोणाला काही सांगत नाही. तिला मात्र पुळीपासून ब्लेडपर्यंत सगळं सांगून टाकलं. तिने गोधडी दगडावर सोडली, काठावर आली आणि दंडावरची बाही वर सारली. तिथे तळहाताएवढा वण होता, खेकडा चिकटून बसावा तसा.

"हे पाह्य," ती म्हणाली. "लहानपणी देवीची लस टोचली, तिथं झालं हे. चिंचोक्याएवढं होतं. माह्या बापानं कापून आणलं, तं दुप्पट होऊन वापस आलं. लग्नाच्या आधी पुन्हा कापलं. मंग हे असं झालं. कापलं का चिडते वं ते. तू काहून कापतं?"

"मग काय करू?" मला रडू आलं.

"माह्या नातीले कान टोचल्यावर झालं होतं. नागपूरले सरकारी दवाखान्यात नेलं, चामडीच्या डॉक्टरकडं. गाठीतच सुया देतेत. टाइम लागते, पण बसते. आन् कोणाले लागत नाही हे. माह्या मांडीवर पाच लेकरं वाढली."

एवढं बोलून तिने आपला ओला हात माझ्या पदरावरून नेमका त्या गाठीवर ठेवला. त्या जागेला माझ्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. नदीचा गारवा कापडातून आत उतरला आणि खाज थांबली. ओल्या हाताने थांबली असेल. मी वाद घालत नाही. पण तेवढा वेळ माझ्या आत पूर्ण शांतता होती, आणि तशी शांतता मी विहारातही कधी अनुभवली नव्हती.

चारला परत गेले तेव्हा दार उघडं होतं. तो माणूस ओट्यावर बसला होता, त्याने हातानेच या म्हणून खुणावलं. मी म्हणाले, "नाही करायचं मला." आणि बस स्टँडकडे चालू लागले.

घरी गेल्यावर यजमानांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात सुटी काढून माझ्यासोबत नागपूरला आले. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी गाठ दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ताई, याला केलॉइड म्हणतात. जखम कधीच भरली, पण थांबायचं हे तुमच्या कातडीला कळलंच नाही, ती भरतच राहिली. हा कॅन्सर नाही आणि हे कोणाला लागत नाही. काहींच्या कातडीचा स्वभावच असतो तो, घराण्यात असू शकतो. नुसतं कापलं तर बरेचदा आणखी मोठं होऊन येतं. आपण धीराने घेऊ."

दर चार आठवड्यांनी गाठीतच इंजेक्शन. पहिल्यांदा सुई आत शिरेना, दगडात खुपसल्यासारखं वाटलं. मी यजमानांचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्यावर बोटं उमटली. घरी सिलिकॉनची पट्टी लावून ठेवायची, सैल सुती कपडे घालायचे, खाजवायचं नाही. दोन इंजेक्शनं झाली तरी काही फरक दिसेना, तेव्हा मी पुन्हा खचले. तिसऱ्यानंतर आग कमी झाली. सहाव्यानंतर बोट फिरवलं तर ती जागा मऊ लागली, आजूबाजूच्या कातडीहून थोडीशीच वर. वण गेला नाही. डॉक्टरांनी सांगितलं आहे की पुन्हा वाढू लागला तर लगेच यायचं.

अंगणवाडीच्या पालक सभेत मी पदराची पिन काढली आणि सगळ्या आयांना तो वण दाखवून समजावून सांगितलं. ती आई मागे बसली होती. तिने मुलीचा हात सोडला. मुलगी आली, वणावर बोट ठेवून म्हणाली, "ताई, दुखते का?" मी तिला मांडीवर घेतलं.

हिवाळ्यात मी खाप्याला गेले, त्या बाईंना भेटायला. पुन्हा भेटणार नाहीत अशी माझी मनोमन खात्री होती. पण दंडावरच्या वणाची खूण सांगताच पहिल्याच गल्लीत घर सापडलं. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी पाया पडले. त्यांनी खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. "नाही आठवत वं बाई," त्या म्हणाल्या. "नदीवर कोणी ना कोणी भेटतेच." मग त्यांनी मला चहा पाजला आणि अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सारल्या. आम्ही दोघी सोलत बसलो.

परतताना वाटलं, माझी कृतज्ञता घेणारं समोर कोणीच नाही, तर ती ठेवू कुठे? एका घरी बारसं निघालं, दाराला कुलूप लागलं, कोणाची गोधडी त्याच दुपारी धुवायची होती. यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. मी फक्त झगडणं थांबवून सावलीत बसले होते. शरण जाणं म्हणजे कोणापुढे हरणं असं मला वाटायचं. आता वाटतं, जे आहे त्याच्यावरचं नख काढून घेणं, एवढंच ते असावं.

आता मी रविवारी पुन्हा विहारात जाते. वंदनेच्या शेवटी सर्व प्राणिमात्रांचं मंगल चिंतायचं असतं. इतकी वर्षं मी मुंगीपर्यंत सगळ्यांचं मंगल चिंतलं आणि माझ्याच छातीवरची ही दोन बोटं कातडी तेवढी वगळत आले. आता वगळत नाही.