तबकडीवरच्या लाटा

समता कॉलनीतल्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या मुलीच्या लॅपटॉपवर ताऱ्यांची चपटी तबकडी हळूहळू हेलकावत होती. मी विचारलं, तर तळहात वरखाली हलवत ती म्हणाली, "काका, ही मोठी आकाशगंगा. एक छोटी हिच्यातून आरपार गेली, म्हणून हिचे तारे अजून असे वरखाली होऊन राहिले."

"अन् त्या छोटीचं काय झालं?"

"विखुरली. तिचे तारे आता हिच्यातच फिरतात."

तिची आई कुरकुरली, "परवा पुण्याले मुलाखत हाय हिची. मोठमोठ्या लोकांपुढं ही पोट्टी काय बोलंन?"

"या काकायले सांगितलं तेच बोलीन," ती शांतपणे म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "समजलं ना, काका?"

जन्मभर रेल्वेच्या मालगोदामात कारकुनी केलेला मी "हव" म्हणालो, आणि मला खरंच समजलं होतं.