डावा गढूळ वाजतो

माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आली आणि माझं चित्त उडालं. दिंद्रुडला रस्त्यालगत माझं ट्रॅक्टरला साउंड बसवायचं दुकान आहे. टेप, अँप, बॉक्स, वायरिंग, सगळं. दसऱ्याच्या आधी महिनाभर इथं पाय ठेवायला जागा नसते. दसरा झाला की ट्रॅक्टर टोळ्या घेऊन ऊसतोडीला जातात, आणि मुक्या ट्रॅक्टरवर बसायला एकही ड्रायव्हर तयार नसतो. वर आता पोरं-पोरी पोलीस भरतीची आणि तलाठ्याची पुस्तकं घेऊन बसतात. मी खाली बॉक्स लावला की वर बाकं थरथरतात म्हणे. अभ्यासिका चालवणारे गुरुजी दोनदा खाली येऊन हात जोडून बोलले. हात जोडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, याचा मला फार राग येतो.

म्हणून मी कानात घालायचे इअरफोन घ्यायचं ठरवलं. साधे नाही, भरपूर बेसवाले. ड्रायव्हर आपापली गाणी मोबाईलमध्ये घेऊन येतात. त्यातलं कुठलं गाणं कुठल्या बॉक्सला झेपेल, बेस किती सोडायचा, कुठं आवरायचा, हे आधी कानात ऐकून घ्यायचं आणि बॉक्स फक्त शेवटी दोन मिनिटं वाजवायचा, असा बेत. या पट्ट्यात माझ्या कानाला मान आहे. ‘मिस्तरीला मीटर लागत न्हाई’ असं लोक म्हणतात, आणि ते ऐकताना मी नम्रपणे मान हलवतो. माझ्याकडं शिक्षण नाही, कागद नाही. दुकान चालतं ते या दोन कानांवर.

वडवणीच्या एका मोबाईलवाल्याकडून पहिला जोड आणला. दुकानदार माझ्याच वयाचा, ओळखीचा. घरी आल्याबरोबर डबा फोडला. इअरफोन पारखायचा तर आधी कानात नीट बसवावा लागतो. डब्यात रबरी टोप्यांचे तीन जोड येतात, लहान, मधला, मोठा. टोपी चढवायची, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर ओढायची, इअरफोन आत सरकवायचा आणि पाळी सोडून द्यायची. नीट बसला तर बाहेरची दुनिया बंद होते आणि गिळलेला आवंढा आपल्यालाच ऐकू येतो. मग बेस येतो, तो कानातून नाही, मानेच्या मागून आल्यासारखा. पण केसाएवढी फट राहिली तर पाटाला खेकड्यानं भोक पाडावं तसा सगळा बेस निघून जातो आणि उरतो पत्र्याचा डबा. लोक इअरफोनला शिव्या देतात, चूक टोपीची असते.

गाणं मी लावलंच नाही. गाण्यात कारागिरी लपते. माझ्या मोबाईलमध्ये गावच्या जत्रेत मीच धरलेलं हलगीचं रेकॉर्डिंग आहे, नुसती एकटी हलगी. हलगीला दोन काड्या, एक जाड, एक बारीक. जाड काडी घुमते, बारीक तडतडते. बेसवाल्या मालाची खोड अशी की घुमणं फुगवून दाखवतो आणि तडतडणं गिळून टाकतो. दोन्ही काड्या वेगळ्या ऐकू आल्या तर माल चांगला, एवढी साधी माझी परीक्षा.

उजव्यात दोन्ही आल्या. डाव्यात जाड काडी घुमली, अगदी छातीत बसेल अशी. बारीक काडी कुठं गेली ते कळेना.

टोपी बदलली. मोठी घातली तर कान दुखायला लागला, लहान घातली तर इअरफोन निसटून गळ्यात. मधली पुन्हा घातली. कान ओढला, तोंड उघडलं, मिटलं, जांभई दिली. बारीक काडी आली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान अर्ध्यावर टाकून वडवणीची एसटी धरली.

“कावून बदलायचा मिस्तरी? काय झालं?” दुकानदारानं विचारलं.

“डावा गढूळ वाजतो.”

त्यानं आपल्या कानात घालून बघितला, मान डोलावली. “मला तर चांगला वाजतोय. पन तुमचा कान म्हनल्यावर आमी काय बोलावं. घ्या दुसरा.”

दुसराही गढूळ. आता मात्र माझा जीव थाऱ्यावर राहीना. दुकानात स्टुलावर बसायचो, उठायचो, हलगी लावायचो, बंद करायचो. आमच्या रस्त्यानं परळीच्या वीजकेंद्रातली राख घेऊन हायवा डंपर दिवसभर जातात. त्या राखेनं इअरफोनची जाळी बुजली असेल म्हणून ब्रशनं साफ केली. कंपनी डाव्या बाजूला हलका माल टाकत असेल, असंही गिऱ्हाइकांना छातीठोक सांगून झालं. कानात मळ असेल म्हणून बायकोला तेल कोमट करायला सांगितलं. मी सतरंजीवर आडवा झालो. तिनं माझं डोकं फिरवलं, डावा कान वर केला आणि थेंब सोडले. कुठला कान ते मी सांगितलंच नव्हतं. पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी छताकडं बघत कंपनीला शिव्या देत होतो.

इथं माझ्या धंद्यातला पहिला नियम सांगतो. दोन बॉक्समधला एक कमी वाजत असेल तर बॉक्स खोलायचा नाही. आधी वायर आलटून बघायची, डावीची उजवीला, उजवीची डावीला. बिघाड वायरीबरोबर सरकला तर दोष मागं, जागेवरच राहिला तर दोष बॉक्सचा. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की ऐकणाऱ्यांचे कान किटले असतील. इअरफोन तर कानातून काढून दुसऱ्या कानात घालायचा, पाच सेकंदांचं काम. मी ते केलं नाही. पंधरा दिवस केलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानदारच हळू आवाजात म्हणाला, “मिस्तरी, एकदा आलटून बघा की.”

“साच्याचे हायेत ते,” मी म्हणालो. “वाकडं नळकांडं हाय. डाव्याचा उजव्यात बसत न्हाई. बसला न्हाई तर बेस गळतो. बेस गळला तर काय कळनार?”

सगळं खरं होतं. नळकांडं वाकडं होतं, उजव्या कानात ते धड बसलं नसतं. पण मला बेस ऐकायचा नव्हता, बारीक काडी ऐकायची होती, आणि तिला फट असली तरी चालते. हे त्यालाही ठाऊक असावं. त्यानं तिसरा डबा पुढं सरकवला. येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी मी तेलगावपर्यंत दांडा धरून उभाच राहिलो.

आता बॉक्सचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दुकान टाकण्याआधी मी आठ हंगाम उसाचा ट्रॅक्टर चालवला. दोन ट्रॉल्या मागं, फडातून कारखान्यावर, कारखान्यावरून फडात. तेव्हा लोक बॉक्स मागं, हुडाच्या म्हणजे डोक्यावरच्या छताच्या वर बांधायचे. तिथं धक्क्यांनी नट ढिले व्हायचे आणि आवाज सगळा मागच्या ट्रॉलीवर. मी तो खाली आणला, डाव्या मडगार्डावर. उजवीकडं लिफ्टचा दांडा असतो, तिथं हात मोकळा पाहिजे. डावीकडं नुसती माणूस बसायची जागा वाया जाते. लोखंडी पट्टी वाकवली, चार नट मारले, बॉक्सचं तोंड आपल्या खांद्याला लावलं. झोप जवळ यायची बिशाद नाही. आणि आवाज असा पुढं जायचा की फडातल्या टोळीला आपला ट्रॅक्टर अर्ध्या कोसावरून कळायचा. गाणं कळायच्या आधी बेस कळायचा. तो कळला की बाया पाचट झटकून उठायच्या, मोळ्या बांधाला आणायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात बायको टोळीबरोबर फडाजवळच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत होती. ती माझा बेस ऐकून चहा ठेवायची. मी चाक वळवून फडात येईस्तोवर चहाला उकळी आलेली असायची. त्या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू.

दुकान टाकल्यावर जो येईल तो म्हणायचा, तुमच्यासारखा डाव्या मडगार्डावर पाहिजे. मी बसवत गेलो. पट्टीचा साचाच करून ठेवलाय भिंतीला. किती बसवले ते मोजलेले नाहीत.

तिसरा जोड आणला त्या दुपारी बायको ओसरीत मूग निवडत बसली होती. मी तिच्यासमोर येरझाऱ्या घालत होतो. कानात घाल, काढ, टोपी बदल, पुन्हा घाल. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“बसा जरा हितं.”

बसलो. तिनं माझ्या डाव्या कानातला इअरफोन काढला. “ह्यो डाव्याचाच ना?” तिनं तो उलटा केला, माझ्या उजव्या कानाशी नेला आणि अंगठ्यानं दाबून धरला. बेस गळत होता. पण बारीक काडी तडतड तडतड, एकेक टिपरी मोजून घ्यावी अशी. मग तिनं उजव्याचा इअरफोन डाव्या कानात दाबला. नुसती घुमी. काडी नाही.

बिघाड वायरीबरोबर सरकला नाही. जागेवरच राहिला.

मला भीती वाटली. गिऱ्हाईक डोळ्यांपुढं आलं, तो मीटर लागत नसल्याचा मान आठवला, आणि वाटलं की आता कुणी हलकेच काही म्हणालं आणि मला ऐकूच आलं नाही तर दुकानात मी कुठल्या तोंडानं बसणार. मी उगाच वायर गुंडाळायला घेतली.

“दोन वर्सं झाली,” बायको म्हणाली. “म्या जेवाया तुमच्या उजव्या अंगाला बसती.”

मला आठवलं. आधी ती चुलीच्या बाजूला, माझ्या डावीकडं बसायची. मग एक दिवस पाट उचलून इकडं आली. धूर डोळ्यांत जातोय म्हणाली होती. चूल जाऊन गॅस आला तरी ती तिकडं परत गेली नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेलाचे थेंबही आठवले.

“मग सांगितलं कावून न्हाई?” मी जरा चिडूनच विचारलं.

“सांगितलतं की. लई येळा सांगितलतं. तवा मी डाव्या अंगाला बसत हुते.”

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मला हसू आलं आणि त्याच वेळी कुठंतरी निघून जावंसं वाटलं. मी तिच्यासमोरच बसून मुगातले खडे वेचायला लागलो.

चार दिवसांनी एक ड्रायव्हर ट्रॅक्टर घेऊन आला. तिशीच्या आतलं पोरगेलं वय, अंगानं धिप्पाड. सात हंगामांपूर्वी त्याचा पहिला बॉक्स मीच बसवला होता. आता त्याला त्याच जागी मोठा पाहिजे होता.

“जुना हाय की चांगला,” मी म्हणालो. “आन ह्या वक्ताला मागं बसवू, हुडाच्या वर.”

“मागं कावून? तुमीच तर मडगार्डावर आनला. टोळीला मी कळायचो कसा मग?” तो हसला. “आन मिस्तरी, जुना पयल्यासारका वाजत न्हाई आता. कितीबी वाढवा, मजा न्हाई.”

जुना बॉक्स मी तो आल्या आल्याच वाजवून बघितला होता, उजवा कान लावून. त्यात काही दोष नव्हता.

वर अभ्यासिका चालू होती, म्हणून मी इअरफोन त्याच्या हातात दिले. डावा कुठला, उजवा कुठला, तेवढंच सांगितलं. मधली टोपी त्याला बसली. पाळी कशी ओढायची तेही दाखवलं. मग हलगी लावली आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डावर माझ्या हातच्या पट्टीचे चार नट दिसत होते. त्याचा पाय ताल धरत होता. मी मनात म्हणत होतो, दोन्ही काड्या म्हण, बाबा, दोन्ही म्हण.

त्यानं पूर्ण ऐकलं. इअरफोन काढले, टोपी शर्टाला पुसली आणि मला परत दिले.

“लई भारी बेस हाय,” तो म्हणाला. “पन दुकानदाराला बदलून मागा. डावा गढूळ वाजतो.”

मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. स्टूल उचललं, ट्रॅक्टरला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो, आणि मग बोलायला सुरुवात केली.