आतड्याच्या भिंतीतले बुडबुडे

हिंगाची डबी उघडली की मला अजून नोएडाच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीतली बाबांची खाट दिसते. त्यांचं पोट दुखू लागलं तेव्हा दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या घरातला स्वयंघोषित वैद्य, म्हणजे मी, "गॅस आहे" म्हणत दुपारपर्यंत त्यांच्या बेंबीला हिंग लावत बसलो होतो.

स्कॅन बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "आंत की दीवार में हवा के बुलबुले हैं।"

"म्हणजे गॅसच की! आमचा वैद्य बरोबर होता," बाबा कण्हत म्हणाले. मीही मूर्खासारखा हसलो.

बाई हसल्या नाहीत. असे बुडबुडे क्वचितच दिसतात, त्या म्हणाल्या; कधी निरुपद्रवी असतात, कधी आतडं सडत असल्याची खूण. सडत असेल तर लगेच पोट उघडायचं, आणि बाबांचं हृदय ते सोसेलच असं नाही. सडत असेल तर पोट कडक होतं, म्हणून मग त्या दर दहा मिनिटांनी येऊन ते दाबून बघायच्या, "अभी नरम है" म्हणून जायच्या.

पोट नरमच राहिलं, तेव्हा संध्याकाळी त्यांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. बाबा वाचले. किती निश्चिंत बाई, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता आठवतं, पोटावर हात ठेवताना दर वेळी त्या श्वास रोखून धरायच्या.