टबातला कढीपत्ता

“कोणी ओतलं हे? मी विचारतेय, कोणी ओतलं?”

बायको हॉलच्या मधोमध उभी राहून ओरडत होती. तिचा आवाज साधासुधा नाही. ती ओरडली की आमच्या अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधले कामगार जेवणाची सुट्टी झाली असं समजून डबे उघडतात. मी अंगावरच्या साबणासकट बाथरूममधून बाहेर आलो आणि वासानं जागीच थबकलो. मी रबराच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे नाक गेटवर जमा करूनच आत जातात. पण हा वास निराळाच होता. आमच्याआधीपासून या फ्लॅटमध्ये राहणारी पाल बिऱ्हाड आवरून खिडकीबाहेर जाताना मी या डोळ्यांनी पाहिली.

बायकोच्या हातात आमच्या हॉलमधल्या भाजीच्या टबाचं झाकण होतं. टबात स्वच्छ पाणी असायला हवं होतं, तिथं पांढुरकं, फेसाळ काहीतरी तरंगत होतं. पालक ओल्या रुमालासारखा लोळला होता. चार दिवसांपूर्वी मुळं ऋषीच्या दाढीसारखी पांढरीशुभ्र होती, ती आता तपकिरी, बुळबुळीत झाली होती.

सोफ्याच्या कडेला सासूबाई पाय वर घेऊन खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. ओरडणं शेजारच्या घरात चाललं असावं, असा चेहरा.

“आज रविवार,” बायकोचा आवाज एकदम खाली आला. “अण्णा येणार आहे. आणि आजच हे.”

अण्णा म्हणजे तिचा मोठा भाऊ. तो शहरात नुंगंबाक्कमला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. तिथं लिफ्ट नाही, आमच्याकडे आहे, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना जिना चढवत नाही, म्हणून त्या इथं. आता अण्णानं कोइंबतूरच्या बाजूला एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. अम्माला तिथं ठेवायचं की इथंच, हे या रविवारी ठरायचं होतं. “अम्मा खाते-पिते, बोलते, शुद्धीत आहे असं मला दिसलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही,” असं तो फोनवर म्हणाला होता. त्या टबावर माझी सगळी भिस्त होती, ती त्यामुळेच.

मी मूळचा मिरजेकडचा. नोकरीसाठी इथं तमिळ मुलखात आलो आणि तंजावरी मराठी घरात लग्न करून बसलो. सासूबाईंची मराठी ऐकली की वाटतं, एखाद्या सरदाराचा खलिता कोणीतरी तमिळ चालीत वाचून दाखवतंय. त्यांचं सगळं आयुष्य इथून जवळच्या आवडी नावाच्या गावात गेलं. सासरे तिथल्या रणगाड्यांच्या कारखान्यात होते, पुढं बैठं घर बांधलं. मागच्या परसात कढीपत्त्याचं झाड होतं. निम्मी आवडी त्या झाडावर सांबार करायची. मी तर सांगतो की त्या फोडणीचा वास पोचल्याशिवाय तिथले रणगाडे सुरूच व्हायचे नाहीत. सासरे गेले, सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, घर बिल्डरला दिलं. झाड तोडलं त्या दिवशी आम्ही त्यांना मुद्दाम दवाखान्यात नेलं होतं. त्यांनी झाडाबद्दल कधी विचारलं नाही. हळूहळू काहीच विचारेनाशा झाल्या. जेवणही सुटत चाललं. एक इडली त्या इतका वेळ चिवडायच्या की तेवढ्यात तांदळाचं पुढचं पीक निघावं.

त्याच दिवसांत मी मोबाइलवर बिनमातीच्या शेतीचा एक व्हिडिओ पाहिला, आणि आठवड्याभरात आमचा हॉल म्हणजे कृषी विद्यापीठ झाला. झाकणाला भोकं पाडलेला मोठा काळा टब, भोकांत जाळीचे कप, कपांत स्पंजचे तुकडे, स्पंजात बी. पाण्यात खताच्या दोन बाटल्यांमधलं थोडं थोडं औषध. माशांच्या टाकीला असतो तसला हवेचा पंप मुळांना श्वास मिळावा म्हणून, आणि वर जांभळा दिवा. त्या दिव्यात आमचा हॉल रात्री इतका भयंकर दिसायचा की समोरच्या इमारतीतल्या लोकांनी आमच्याकडे बघून हात जोडायला सुरुवात केली. बोअरचं पाणी खारट, म्हणून झाडांना कॅनचं पाणी. आम्ही खाऱ्या पाण्यानं आंघोळ करायचो आणि पालक बिसलेरी पिणाऱ्या पाहुण्यासारखा ऐटीत बसायचा.

मी सासूबाईंना धडे दिले. धने आधी लाटण्यानं रगडून फोडायचे, मग भिजवायचे. पाण्यावर उजेड पडू द्यायचा नाही, नाहीतर शेवाळ धरतं. त्या नुसत्या ऐकायच्या. मग मी माझ्या वळणावर गेलो. “अम्मा, या टबात वाटेल ते येतं. पालक, पुदिना, कोथिंबीर. तुम्ही म्हणालात तर नारळ!”

कित्येक दिवसांनी त्यांनी मान वर केली. “करुवेप्पिलै येईल?”

करुवेप्पिलै म्हणजे कढीपत्ता. खरं सांगायचं तर त्याची काडी पाण्यात सहसा मूळ धरत नाही, व्हिडिओत तसं स्पष्ट म्हटलं होतं. पण ती वर झालेली मान पुन्हा खाली जाऊ द्यायची माझी छाती झाली नाही.

“येईल म्हणजे? दिवाळीपर्यंत छताला टेकेल! वरच्यांना फरशीत भोक पाडायला सांगावं लागेल.”

भाजीवालीकडून एक जाडसर काडी आणून मी मधल्या कपात खोचली. आणि खोटं सांगत नाही, त्या दिवसापासून सासूबाई जेवायला लागल्या. ताट घेऊन टबाशेजारी बसायच्या. घरात दही लावणं, ताक घुसळणं पुन्हा स्वतःकडे घेतलं. बायको एकदा स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन म्हणाली, “अहो, अम्मानं आज भात मागून घेतला.” एवढं बोलून ती उगाच भांडी आवरायला लागली.

आणि आता ही वासाची टाकी.

आम्ही दोघांनी टब उचलून बाल्कनीत नेला. उदबत्त्या लावल्या, गॅसवर कॉफी उकळत ठेवली. टबाखालचं स्टूल पुसताना मी खाली पाहिलं. पंपाची आणि दिव्याची वायर ज्या बोर्डात होती, त्यावर पांढरे ओघळ वाळले होते. बोर्ड चालूच होता. मी स्विच बंद केला, ओघळ पुसले आणि बायकोला काही बोललो नाही.

अण्णा आला. चपला काढता काढताच त्यानं नाक वर केलं. “काय मेलं?”

“पालक,” मी म्हणालो.

तो बाल्कनीत जाऊन बघून आला. सोफ्यावर अम्माजवळ बसला, तिचा हात हातात घेतला. मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण तो हात असा धरून बसला की चिडता येईना.

“दूध उतू जातं ते तिला कळत नाही. मागं गॅस तसाच राहिला होता. तुम्ही दोघं दिवसभर कामावर,” तो बहिणीला म्हणाला. “आता हे. ती विसरते गं. काय कुठं ओततेय, हे तिला समजत नाही.”

“कोण म्हणतं त्यांनी ओतलं?” मी पुढं झालो. “मी ओतलं! प्रयोग आहे. परदेशात आता खतं कोण वापरतं? सगळी शेती ताकावर. ताकातले जंतू मुळांना मालिश करतात. पहिल्या खेपेला वास येतो, दुसऱ्या खेपेला पालक गुडघ्याएवढा!”

“राव, तुम्ही?” अण्णा माझ्याकडे बघत राहिला.

“मी! माझ्या या हातांनी.”

मी आयुष्यभर थापा मारल्या त्या केवळ तोंडाला चव म्हणून. ही पहिली थाप कामाची होती, आणि ती चालली होती. अण्णाचे खांदे सैल पडले. बायकोनं पदराआड डोळे मिटले. अजून थोडा वेळ सगळे गप्प राहिले असते तर जेवणावर विषय गेला असता.

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मी ओतलें.”

“अम्मा, तुम्ही राहू द्या...” मी म्हणालो.

“रोज सांजेस ओततें. दिवा लावला कीं. आधीं थोडें थोडें, काल उरलें तें सारें. काल फार आंबलें होतें.”

“काय म्हणून, अम्मा?” अण्णानं विचारलं.

सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की विसरभोळा कोण, असा प्रश्न पडावा. “करुवेप्पिलैस आंबट ताक घालावें लागतें. तुज ठाऊक नाही? आवडीस तूंच घालीत होतास. शाळेंतून आलास कीं दप्तर टाकून, लोटा घेऊन. अर्धें झाडास, अर्धें आपल्या पोटांत.”

अण्णा हसला, पण अर्धवट. इथं ज्याच्या दारात कढीपत्ता आहे, त्या घरात आंबट ताक झाडाच्या बुंध्याशी जातं. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मातीत ते मुरतं. टबात मुरायला जागाच नव्हती, आणि तिथं मुरणार नाही हे सासूबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. मी तर नारळ येईल म्हणालो होतो.

“म्हणजे आठवण पक्की आहे,” मी पटकन धरलं. “ऐकलंत ना, अण्णा? लोट्यासकट आठवतंय.”

“आठवण आहे, हो.” अण्णानं अम्माचा हात थोपटला. “पण त्या बोर्डावर सांडलं असतं तर? त्यात करंट असतो. ती एकटी असते, राव.”

आता माझ्याकडे थाप नव्हती. एरवी मी वीजखात्याचा इतिहास सांगून त्याला गुंगवला असता. पण ते वाळलेले ओघळ मी थोड्याच वेळापूर्वी माझ्या हातांनी पुसले होते. माझा हात अजून ओलसर होता. मी तो पँटला पुसला.

“सांडलं नाही,” मी म्हणालो. आवाजात दम नव्हता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला समजलं.

जेवणं झाली. शेवटच्या भाताला अण्णानं सवयीनं ताक मागितलं. कोणी उठलं नाही. मग तोच म्हणाला, “असू दे,” आणि भात कोरडाच संपवला. जाताना त्यानं मोबाइलवर वृद्धाश्रमाचे फोटो अम्माला दाखवले: खोली, भिंतीला धरायच्या दांड्या, बाहेर हिरवळ. त्यांनी प्रत्येक फोटो नीट बघितला. खोली शुक्रवारपर्यंत राखून ठेवतील, असं सांगून तो लिफ्ट सोडून जिन्यानं उतरला. खालच्या मजल्यावर तो बराच वेळ थांबला होता, कारण पायांचा आवाज पुढं गेला नाही.

बायको बाथरूममध्ये टब घासत होती. तिनं नळ पूर्ण सोडला होता. माझ्या बायकोचं रडणं अख्ख्या अंबत्तूरला ऐकू जातं, आणि तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं.

मी जाळीच्या कपातून कढीपत्त्याची काडी काढली. खालचं टोक काळं, मऊ. मूळ एकही नाही. वर मात्र एक पान अजून हिरवं होतं. मी ती काडी घेऊन सासूबाईंजवळ जाऊन बसलो. इतक्या दिवसांत आम्ही अण्णाला विचारलं होतं, डॉक्टरांना विचारलं होतं, शेजाऱ्यांचंही मत घेतलं होतं. त्यांना मात्र कोणी विचारलं नव्हतं.

“अम्मा, तुम्हाला इथं राहायचंय की तिकडं जायचंय? जे असेल ते सांगा. मी अण्णाशी भांडेन.”

त्यांनी माझ्या हातातून काडी घेतली. पान चुरगळलं, हुंगलं. मग काडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

“तेथें करुवेप्पिलैचें झाड आहे कीं नाही, तेवढें विचारून घ्या.”